चढ कुणासाठी मोजला?

फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या चढावर २१ वळणं आहेत. रस्ता १३.८ किलोमीटरचा. वळणांचे क्रमांक वरून खाली लावलेले असल्यामुळे पायथ्याशी सायकलस्वाराला आधी एकविसावं वळण भेटतं, आणि पहिलं येईपर्यंत त्याची छाती भात्यासारखी चालू लागलेली असते. या चढावर टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकणाऱ्यांची नावं वळणांवरच्या पाट्यांवर लिहिलेली आहेत. १९५२ साली शर्यत इथे पहिल्यांदा आली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. त्याचं नाव अगदी खालच्या वळणावर आहे.

मनालीहून लेहकडे जाताना सर्चूच्या पुढे गाटा लूप्स लागतात. तिथेही वळणं २१च. त्यांच्यावर कुणा विजेत्याची पाटी नाही. एका वळणावर मात्र दगडांचं छोटंसं देऊळ आहे आणि त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. या वाटेवरचे ट्रकचालक त्याची गोष्ट सांगतात. हिवाळ्याच्या तोंडावर इथे एक ट्रक बंद पडला, चालक मदत आणायला गेला, क्लीनर ट्रकपाशी थांबला. बर्फाने वाट अडवली आणि मदत पोचेपर्यंत तो पोरगा तहानेने आणि थंडीने गेला. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतो. म्हणून चालक तिथे बाटली ठेवतात, कुणी सिगरेट ठेवतं. गोष्ट खरी की खोटी याची शहानिशा मी केली नाही. इतक्या उंचीवर, जिथे प्यायचं पाणी गाडीतूनच न्यावं लागतं, तिथे माणसं भरलेली बाटली ठेवून पुढे जातात, हे मात्र डोळ्यांनी दिसतं.

दोन्हीकडे वळणं तितकीच असली तरी चढ वेगळे आहेत. आल्प द्युएझला सुमारे अकराशे मीटर उंची चढावी लागते, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर. गाटावर दहा-एक किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे शंभराला पाचाहूनही कमी. नुसता आकडा पाहिला तर गाटा सोपा. पण गाटाचा पायथाच ४,२०० मीटरच्या आसपास आहे आणि आल्प द्युएझचा माथा १,८५० मीटरवर.

हिमालयातला रस्ता इतका सौम्य का, याचं उत्तर डोंगराच्या आकारात सापडत नाही. मनाली-लेह रस्त्याची आखणी माल भरलेल्या लष्करी ट्रकांसाठी झाली. विरळ हवेत डिझेल इंजिनाचीही ताकद घटते, त्यामुळे ट्रकला झेपेल असाच चढ ठेवावा लागतो. पर्वतातला रस्ता कुणासाठी आखला गेला, ते त्याच्या चढावरून ओळखू येतं. सायकल चालवणाऱ्याला ते मांड्यांमधून कळतं. माझ्या माहितीतला एकही मोठा घाटरस्ता मुळात सायकलसाठी बांधलेला नाही. आपण दुसऱ्यांसाठी काढलेल्या वाटांवरून जातो, आणि त्या वाटा फोडणाऱ्यांबद्दल या छंदात फार कमी बोललं जातं. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

इटलीतली स्टेल्व्हियो खिंड घ्या. १८१५च्या व्हिएन्ना परिषदेनंतर लोम्बार्डी ऑस्ट्रियाच्या ताब्यात आली. तिथपर्यंत सैन्य आणि टपाल नेण्यासाठी सम्राटाला आल्प्सवरून रस्ता हवा होता. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात २,७५७ मीटर उंचीवरून तो काढून दिला. प्रातो गावाकडून चढताना ४८ वळणं लागतात, आणि एकेका वळणाखाली दगडी बांध आहे. घोडागाडीला आणि तोफेच्या गाड्याला झेपेल असा, साधारण शंभराला साडेसात मीटरचा चढ चोवीस किलोमीटर चालतो. दोनशे वर्षांत आखणी फारशी बदललेली नाही. १९५३ साली जिरो दितालियाची शर्यत या खिंडीतून पहिल्यांदा गेली आणि कोप्पीने तिथेच ह्यूगो कोब्लेटला मागे टाकलं. आज लोक स्टेल्व्हियोला कोप्पीचं नाव घेत जातात. दोनेगानीचं नाव घेणारा मला विरळाच भेटला.

आपल्याकडची गोष्टही याच काळातली आहे. बोरघाटातून माल पूर्वी बैलांच्या पाठीवरून जात असे. गाड्या जातील असा रस्ता १८३० साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात खुला झाला. पुढे १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली. घाट चढताना जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. रेल्वेची आखणी अडली तेव्हा शिंग्रोबा धनगराने साहेबाला डोंगरातली वाट दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, अशी ही कथा. देऊळ १९२९ सालचं. गाडीवाले खिडकीतून नाणं टाकतात आणि निघून जातात. सायकलवर चढत असाल तर तिथे थांबाच. खोपोलीपासूनच्या चढाने तसंही थांबायला लावलेलं असतं. डोंगराची खरी माहिती मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्याला असते आणि नाव मात्र आखणी करणाऱ्याचं होतं, हे या कथेने नेमकं धरून ठेवलं आहे.

सह्याद्रीबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याला ‘हिमालयाची तयारी’ एवढंच समजलं जातं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठा. सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये जवळजवळ सव्वा हजार मीटर उंची चढावी लागते, म्हणजे एकूण चढण आल्प द्युएझपेक्षा जास्त. पुण्याच्या सायकलवाल्यांना सिंहगडाचा चढ पाठ असतो. तो आखूड आहे, पण काही ठिकाणी असा अंगावर येतो की आल्प्समधली माणसंही उतरून ढकलतील. सह्याद्रीला बर्फ नाही आणि विरळ हवाही नाही. त्याच्याकडे दमट उकाडा आहे, पावसाळ्यात शेवाळलेले कडेचे दगड आहेत, आणि समोरून वळण कापत येणारी एसटी आहे. वरंध, ताम्हिणी, चोर्ला, आंबोली: प्रत्येकाची आखणी निराळी आणि दम लागण्याची जागाही निराळी.

*

पर्वत आणि सायकल यांची शर्यतीतली पहिली मोठी गाठ १९१० साली पिरेनीज पर्वतात पडली. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली होती. आल्फोन्स स्टेनेस या पत्रकाराने शर्यत उंच खिंडींमधून न्यायची कल्पना मांडली आणि जानेवारीत तो तूरमाले खिंड पाहायला निघाला. गाडी बर्फात अडकली. तो रात्री पायीच पुढे गेला, वाट चुकला, आणि पहाटेच्या सुमारास पलीकडच्या बारेझ गावात त्याला लोकांनी गाठलं. सकाळी त्याने संपादक आंरी देग्रांजला तार केली: रस्ता उत्तम आहे, सहज पार होण्यासारखा.

त्या एका तारेवर विसंबून जुलैत सायकलस्वारांना ३२६ किलोमीटरच्या टप्प्यावर सोडलं गेलं. रस्ते म्हणजे मेंढपाळांच्या आणि खेचरांच्या वाटा होत्या. २,११५ मीटरच्या तूरमालेवर ओक्ताव लापिझ बराचसा चालत, सायकल ढकलत गेला. ग्युस्ताव गारिगू पाय न टेकता वर पोचला, त्याला १०० फ्रँकचं बक्षीस मिळालं. पुढच्या ओबिस्क खिंडीत लापिझ आयोजकांच्या अंगावर ओरडला की तुम्ही खुनी आहात. टप्पा त्यानेच जिंकला, त्या वर्षीची शर्यतही जिंकली. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात तो वैमानिक म्हणून मारला गेला.

या मंडळींच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असत. चढ आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुन्हा निघायचं. देग्रांजचा गिअर बदलायच्या यंत्रणेला ठाम विरोध होता. माणसाच्या स्नायूंनी जिंकावं, यंत्राने नव्हे, ही त्याची धारणा. टूर द फ्रान्समध्ये या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याच्या कितीतरी आधी सेंत-एतियेन शहरात पोल द विवी नावाचा माणूस डोंगरात गिअरच्या सायकली चालवत आणि त्यांची बाजू मांडत होता. ‘वेलोसियो’ या नावाने तो लिहायचा. १८८७ पासून तो सायकलवाल्यांसाठी नियतकालिक चालवत होता, आणि शर्यतीपेक्षा लांबचा, शांत, पोटभर खाऊनपिऊन केलेला प्रवास त्याला मोठा वाटे. आज सामान लादून रोहतांग चढणारा प्रत्येक जण पुढच्या लहान चक्रावर चेन टाकतो तेव्हा वेलोसियोच्याच बाजूने उभा असतो. या वादात देग्रांज चुकला होता असं माझं स्पष्ट मत आहे. चढावर धडपडून उतरावं लागलेल्या माणसाला आजूबाजूचं काहीच दिसत नाही.

अर्थात याला अपवाद ठरलेली माणसंही आहेत. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात घरून निघाली आणि युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत सायकलने दिल्लीला आली. वाटेत ४,१७३ मीटर उंचीची बाबूसर खिंड तिने सायकलसह ओलांडली. आशियातल्या रस्त्यांवर नाजूक यंत्र टिकणार नाही म्हणून तिने निघण्याआधी सायकलचे गिअर काढूनच टाकले होते. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचं पुस्तक अशा दोन भेटी मिळाल्या होत्या, तेव्हाच तिने भारतात जायचं ठरवलं होतं. भारतात पोचल्यावर ती धरमशालेत तिबेटी निर्वासित मुलांच्या सेवेला लागली.

तिच्याही चाळीस वर्षं आधी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली; सुमारे ७१,००० किलोमीटर चालवून ते १९२८ मध्ये परतले. त्यांच्यानंतर निघालेल्या फ्रामरोझ दावर यांनी एका ऑस्ट्रियन सोबत्याबरोबर सहारा, अँडीज पर्वत आणि अ‍ॅमेझॉनचं खोरं पार केलं. मुंबईच्या या माणसांची नावं शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. आपल्याकडे लांबच्या सायकलप्रवासाची परंपरा नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढी चार नावं तरी लक्षात ठेवावीत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली विशीत एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती याच वाटेची पुढची खूण.

*

आता मनाली-लेह. महाराष्ट्रातून सर्वांत जास्त लोक सायकल घेऊन याच पर्वतवाटेवर जातात, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच वाटेबद्दल आहेत.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर. रोहतांग ३,९७८. मग उतरून लाहौलच्या खोऱ्यात कोकसर, केलाँग, जिस्पा. तिथून बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर, उतरून सर्चू, गाटा लूप्स, नकी ला, पाच हजारांवरची लाचुलुंग ला, पांग, मोरे मैदान आणि शेवटी ५,३२८ मीटरची तांगलांग ला. तिच्यानंतर रुमत्से, उपशी आणि लेह. तांडीच्या पेट्रोल पंपावर पाटी आहे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलवाल्याला पेट्रोल नको, पण त्या पाटीचा अर्थ त्यालाही लागू आहे. पुढे गावं जवळजवळ नाहीत. तंबूतले ढाबे आहेत, तेही उन्हाळ्यापुरते. मॅगी, डाळभात, ऑम्लेट, रजयांची चवड आणि उबेला गोळा झालेली माणसं.

आपल्याकडची मंडळी महिनोन्महिने सिंहगड, खंबाटकी, पसरणी चढून तयारी करतात आणि समजतात की दम वाढला, आता उंचीचं भय नाही. हा समज घातक आहे. तंदुरुस्त माणसाला उंचीचा आजार होत नाही असं अजिबात नाही. उलट तो जास्त जोर लावतो, जास्त वेगाने वर जातो आणि आधी सापडतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तांगलांगवरही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. प्रत्येक श्वासातून निम्माच प्राणवायू हाती लागतो. शरीर याची सवय करून घेतं, पण स्वतःच्या गतीने. डॉक्टरांचा नियम सोपा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.

या वाटेची अडचण अशी की रस्ता हा नियम पाळत नाही. जिस्पा ३,२०० मीटरवर आणि पुढचा नेहमीचा मुक्काम झिंगझिंगबार ४,२७०वर, म्हणजे एका रात्रीत हजार मीटरची उडी. मध्ये पत्सेओला एक मुक्काम वाढवता येतो आणि तो वाढवावाच. बारालाचा ओलांडून सर्चूत उतरलात की परिस्थिती बदलते. तिथून पुढे सर्चूला, पांगला, मोरेच्या मैदानावर, कुठेही झोपलात तरी चार हजारांच्या वरच आहात. डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या, पाऊल वाकडं पडू लागलं तर उपाय एकच, खाली उतरणं. पण या खोलगट भागातून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा खिंडींवरून जातात. मागे बारालाचा, पुढे लाचुलुंग आणि तांगलांग. उतरण्यासाठी आधी चढावं लागतं. म्हणून निर्णय जिस्पाला घ्यायचा असतो, सर्चूला नाही. जिस्पाला डोकं दुखत असेल तर तिथेच थांबा. सुट्टी संपत आली, परतीचं तिकीट काढलंय, सोबतचे पुढे गेले, यातलं एकही कारण पुढे जायला पुरेसं नाही.

नाल्यांचंही तसंच. उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नाले फुगतात. सकाळी घोटाभर असलेलं पाणी चार वाजता गुडघ्याला लागतं, आणि ते इतकं थंड असतं की पलीकडे पोचेपर्यंत पायांची जाणीव जाते. मोरेच्या सपाटीवर दुपारी समोरून वारा सुटतो. सपाट रस्त्यावर चढापेक्षा जास्त घाम तिथे निघतो. पहाटे निघून दुपारी तंबू गाठणं ही तिथली रीत आहे. ढाबेवाल्या तेच सांगतात, ट्रकवाले तेच सांगतात, आणि आपण ऐकायला हवं.

*

बारालाचाच्या आधी आणि नंतर रस्त्याच्या कडेला डांबराची पिंपं तापत असतात. त्यांच्याभोवती तोंडाला फडकं बांधलेली माणसं खडी पसरत असतात. गाडीतून जाणाऱ्यांच्या काचा वर असतात आणि गाडी क्षणात निघून जाते. सायकल ताशी पाच-सहा किलोमीटरने चढत असते. आपण त्याच धुरात श्वास घेतो, त्याच वाऱ्यात असतो, नजरानजर होते, नमस्कार होतो. ‘कुठून आलात?’ हा प्रश्न दोन्हीकडून निघतो. महाराष्ट्र, आपण म्हणतो. दुमका, ते म्हणतात.

झारखंडमधल्या संथाल परगण्यातून वर्षानुवर्षं मजूर लडाख आणि लाहौलच्या रस्त्यांवर सीमा रस्ते संघटनेच्या कामाला येतात. संघटना १९६० सालची. लडाखमधले बरेच रस्ते तिच्या ‘हिमांक’ प्रकल्पाकडे आहेत. मे २०२० च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या साठ मजुरांना झारखंड सरकारने विमानाने घरी नेलं. आणि जूनच्या मध्यावर दुमक्याहून खास रेल्वेगाडी सोळाशेच्या आसपास मजूर घेऊन पुन्हा उत्तरेकडे निघाली, कारण रस्त्याचं काम थांबणार नव्हतं. समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या मुलखातली ही माणसं चार-साडेचार हजार मीटरवर फावडं चालवतात. आपण जे हौसेने, गरम कपडे आणि गोळ्यांची पिशवी घेऊन करतो, ते ही माणसं रोजीसाठी करतात, आणि त्यांच्या कामाखेरीज आपली हौस रोहतांगच्या पायथ्यालाच संपली असती. खिंडीच्या पाटीशेजारी सायकल उंच धरून फोटो काढायला हरकत नाही. पण ‘खिंड सर केली’ असं लिहिताना जरा थांबावं.

जगभर हेच दिसतं. काराकोरम महामार्ग १९७० च्या दशकाअखेरीस पुरा झाला तेव्हा पाकिस्तानी आणि चिनी मिळून सुमारे हजार माणसांनी जीव गमावला होता. ४,६९३ मीटरच्या खुंजेराबपर्यंत जाणारे सायकलस्वार गिलगिटजवळच्या चिनी मजुरांच्या दफनभूमीला भेट देतात. तैवानमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून निघून १०५ किलोमीटरमध्ये ३,२७५ मीटरवरच्या वूलिंगला जाणारी सायकल शर्यत प्रसिद्ध आहे. तिथला तारोको दरीतला रस्ता १९५६ ते १९६० मध्ये निवृत्त सैनिकांनी हातांनी खोदला. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांच्या स्मरणार्थ दरीत धबधब्यावर एक देवस्थान बांधलेलं आहे. नॉर्वेत फिन्सेवरून जाणारा रालारवेगेन हा तर मजुरांच्याच नावाचा रस्ता. बर्गन रेल्वेचं सामान वाहायला तो बांधला, रेल्वे १९०९ मध्ये सुरू झाली आणि रस्त्याचं काम संपलं. आज त्यावर मोटारींना मज्जाव आहे आणि तो त्या देशातला सर्वांत आवडता सायकलमार्ग आहे. जुलैच्या मध्यापर्यंत वाटेत बर्फ असतं, आणि शेवटी एका फिओर्डच्या काठापर्यंत वळणावळणांची लांब उतरण.

रालारवेगेनची गोष्ट आपल्याला उपयोगाची आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटलं आणि लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी फुटली. आजाऱ्याला, बाळंतिणीला आता खिंड उघडायची वाट पाहावी लागत नाही, आणि याचा आनंदच आहे. आता शिंकू ला खिंडीखाली ४.१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे; जुलै २०२४ मध्ये पहिला सुरुंग उडाला. तो झाला की दारचा, पदुम, निमू हा रस्ता झंस्कारमार्गे बारमाही होईल आणि बारालाचा, तांगलांगवरची बरीच वाहतूक तिकडे वळेल.

मग वरच्या रस्त्यांचं काय? स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डखालून १९८० मध्ये मोटारींचा जवळपास सतरा किलोमीटरचा बोगदा झाला. वरची ट्रेमोला नावाची जुनी, दगडी फरसबंदीची वळणवाट त्यांनी मोडू दिली नाही. वारसा म्हणून ती जपली आणि आज तिथे सायकलवाल्यांची रीघ असते. स्टेल्व्हियोवर वर्षातून एक दिवस मोटारी बंद ठेवून रस्ता सायकलींना देतात. डोंगरातला रस्ता एक हिवाळा सोडून दिला की दरडी, नाले आणि बर्फ तो परत घेतात. रोहतांगचा रस्ता दर उन्हाळ्यात उघडला पाहिजे. त्यासाठी मजूर लागतील, यंत्रं लागतील, पैसे लागतील, आणि वापरणारे आहेत हे सरकारला दिसायला लागेल. याच रस्त्यावरच्या मढीच्या ढाब्यांचा धंदा बोगद्याने आधीच कमी केला आहे. वर्षातला एखादा रविवार मनाली ते रोहतांग रस्ता फक्त सायकलींसाठी राखून ठेवावा, ही मागणी हिमाचल सरकारकडे करायला महाराष्ट्रातल्या सायकल मंडळांना काहीच अडचण नाही. आपल्याकडून दर उन्हाळ्यात इतके लोक त्या वाटेने जातात की ती मागणी करायचा पहिला हक्क आपलाच आहे. आणि त्या रविवारी ज्या मजुरांनी बर्फ कापून रस्ता उघडला असेल, त्यांची नावं मढीच्या फलकावर लावायची सूचनाही त्याच अर्जात असावी.